फुग्यावर बसलेला बाउन्सर

माऊलीला पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आणलं ते चौघांनी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट जिना चढवून. वर आल्याआल्या त्यानं त्या चौघांतल्या एकाच्या कानाखाली खाडकन वाजवली. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की खुर्ची टेकवताना ती जरा आपटली. मी हातातली फाइल टेबलावर आदळली आणि म्हटलं, "इथे ओरडायचं ते मी, आणि मारायचं झालं तर तेही मीच. हात खाली घे." त्यानं हात खाली घेतला. चौतीस वर्षांचा, दाराएवढा रुंद गडी, पण कमरेखाली भिजलेल्या पोत्यासारखा. मग जरा ओशाळून म्हणाला, "मॅडम, सवय हाय."

मी सारिका. सोमाटणे फाट्यावर माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. खाली पप्पूचं पंक्चरचं दुकान आणि वर मी. लोक म्हणतात, खाली टायर सरळ करतात, वर माणसं. मला रागीट म्हणतात तेही खरं आहे. मोडलेला माणूस गोड बोलून उभा राहत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे आणि तो मी कुणाला पटवायला जात नाही.

माऊली वराळ्याचा. घरी आई नंदाबाई आणि धाकटा भाऊ कैलास, जो तळेगावच्या एका कंपनीत कामाला आहे. बाप लवकर गेला. शेती कैलासनं आणि आईनं बघायची, आणि माऊलीनं शनिवार-रविवार लोणावळ्याला बंगल्यांवर बाउन्सर म्हणून जायचं, असं त्या घराचं चाललं होतं. काळा टी-शर्ट घालून दारात उभं राहायचं आणि पिऊन झिंगलेल्यांना बाहेर काढायचं, हे त्याचं काम. एकदा तुंगार्लीच्या एका बंगल्यावर एकानं वाढणाऱ्या पोरीचा हात धरला, तेव्हा माऊलीनं त्या माणसाची तीन बोटं एकापाठोपाठ एक मोडली होती. हे त्यानं मला अगदी सहज सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

"मारायचं नसतं मॅडम," तो मला समजावून सांगायचा. "मारलं की केस व्हती. मानसाचा तोल काढायचा असतो. तोल गेला की पैलवान बी पिशवीवानी हलका व्हतो."

त्याचा स्वतःचा तोल कसा गेला, ते मी दोन्हीकडच्या माणसांकडून ऐकलं, आणि दोन्हीकडची माणसं आपापला अर्धा भाग गाळून सांगायची. जोडून बघितलं तर ते असं होतं. वराळ्यात नव्या सोसायट्या उठायला लागल्या, रस्ता रुंद होणार अशी आवई उठली आणि वीतभर बांधासाठी लोक एकमेकांच्या नरड्याला हात घालू लागले. माऊलीचं शेत आणि त्याच्या चुलतभावाचं, प्रितमचं, शेत लागून. घरंही समोरासमोर, मध्ये एकच खळं. प्रितमनं जेसीबी आणून बांध कोरायला घेतला. माऊली जेसीबीच्या पुढं उभा राहिला, तिथवर ठीक होतं. पण प्रितमचा बाप समजवायला मध्ये आला, तर माऊलीनं त्या सत्तरीच्या सख्ख्या चुलत्याचा दंड धरून त्याला असं बाजूला ढकललं, की म्हातारा बांधाखाली तोंडावर आपटला आणि त्याचे पुढचे दोन दात गेले.

मग प्रितमनं पहार उचलली. पहिला घाव खुब्यावर बसला आणि माऊली पडला. दुसरा घाव पडलेल्या माणसाच्या कमरेवर. तिसऱ्यासाठी पहार वर गेली तेव्हा जेसीबीवाल्यानं मागून प्रितमला मिठी मारली, म्हणून माऊली माझ्यापर्यंत आला. खुब्यात पट्ट्या बसवल्या, स्क्रू बसवले, चार महिने तो पाठीवर पडून राहिला. उजव्या पायाची नस चेचली होती. प्रितम दोन महिने आत राहून जामिनावर सुटला आणि परत त्याच खळ्याच्या पलीकडे राहायला आला. रोज सकाळी दोन्ही घरं एकमेकांकडे पाठ करून दात घासायची.

सुरुवातीचे दोन महिने मी त्याला पलंगावरच घोळवला. तिसऱ्या महिन्यात मी मोठा निळा चेंडू काढला, तुम्ही व्यायामशाळेत बघितला असेल, माणूस वर बसेल एवढा. पुस्तकात त्याला बरीच नावं आहेत. माझ्याकडचे सगळे पेशंट त्याला फुगा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

"बस यावर."

"मॅडम, मी काय बारशाला आलोय व्हय?"

"बस म्हटलं ना."

खुर्चीत बसलं की पाठ झोपते. फुगा इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे मणक्याभोवतीच्या बारक्या स्नायूंना सतत जागं राहावं लागतं. ज्या माणसाला चालायचं आहे त्याला आधी हलत्या गोष्टीवर स्थिर बसता आलं पाहिजे. हे मी माऊलीला सांगत होते तेवढ्यात तो बसला, फुगा मागे सटकला आणि महाराज गादीवर सपशेल आडवे. पडल्यापडल्या त्यानं फुग्याला सणसणीत बुक्की घातली. फुगा भिंतीवर आपटून तसाच परत आला आणि त्याच्या नाकावर बसला. नाकातून रक्त आलं. मी हसले, अगदी पोट धरून. माऊलीनं बाहीनं नाक पुसलं आणि पहिल्यांदाच तोही हसला. त्या दिवसापासून तो माझं ऐकायला लागला.

फुगा किती भरायचा याचं एक माप आहे. बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर राहिल्या पाहिजेत आणि तळव्यानं दाबलं तर फुगा थोडा दबला पाहिजे. मऊ फुग्यावर माऊली आधी नुसता बसायला शिकला. मग टाच उचलायला, मग एक पाऊल उचलायला. मग गादीवर उताणा झोपून, पोटऱ्या फुग्यावर ठेवून कंबर उचलायला. मग फुगा पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरून अर्धं खाली बसायला आणि उठायला. तो फुग्यावर बसला की मी न सांगता त्याला ढकलायचे, कधी खांद्याला, कधी पाठीत. त्यानं पाय न हलवता जागेवर परत यायचं. पहिल्या आठवड्यात तो अकरा वेळा पडला. प्रत्येक वेळी आईबहिणीवरून शिव्या द्यायचा, मग "तुमाला न्हाई मॅडम, फुग्याला" म्हणायचा.

वराळ्यात अर्थातच बातमी पसरली. ज्याच्या नुसत्या उभं राहण्यानं बंगल्यातला नाच थांबायचा, तो माऊली फुग्यावर बसून डुलतो म्हणे. पोरं त्याच्या घरावरून जाताना "आता फुगा कवा फुटतोय" असं ओरडत जायची.

नंदाबाई प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर यायच्या. काटक, उंच बाई, बोलायला तिखट. बाकावर बसून एकटक बघायच्या आणि निघताना दर वेळी विचारायच्या, "कवा हुबा ऱ्हाईल?" मला वाटायचं, आईचं काळीज आहे. मी त्यांना धीर द्यायचे, चहा द्यायचे. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडणार नाही.

एक दिवस माऊली आत पट्टा बांधत होता आणि त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, डाव्या पायाकडं नंतर बघा. उजवा आदी घट करा. लाथ तो उजव्यानंच घालतो."

"कुणाला लाथ?"

"प्रितमला. आन कुनाला? हुबा ऱ्हायला की त्याचा पाय मोडनार हाय. चुलीम्होरं शपत घेतलीय त्यानं." असं म्हणून त्यांनी पदरातून मला पेरू काढून दिला.

मी पेरू घेतला नाही. मी आत गेले, माऊलीच्या हातातला पट्टा ओढून घेतला आणि त्याला विचारलं, हे खरं का? तो म्हणाला, व्हय. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सहा महिने मी घाम गाळून एका माणसाला उभं करत होते आणि हे मायलेक माझ्या दवाखान्यात बसून त्या पायाला धार लावून घेत होते.

त्यानंतर मी एक हलकट काम केलं. मी त्याला खोटे व्यायाम दिले. हात वर, हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे. फुगा माळ्यावर टाकला. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी माऊलीनं हात खाली केले ते वर उचललेच नाहीत.

"मॅडम, तुमी मला फशिवताय."

"हो," मी म्हटलं. "फसवतेय. तू उभा राहिलास की एक माणूस आडवा होणार. त्यात मला भागीदारी नको."

त्यानं उजवा गुडघा चोळला. मग म्हणाला, "मी न्हाई हुबा ऱ्हायलो तर कैलास जाईल. आय त्याला रोज डिवचती. दारामागं पहार ठिवलीय त्यानं. प्रितमनं कट्टा आनलाय, गोळ्या घालनार हाय, आसं कुनीतरी आयेच्या कानात भरलंय. मॅडम, मी गेलो तर पाय मोडीन आन थांबीन. कुटं थांबायचं ते मला कळतं, त्याचाच तर पगार घ्यायचो मी. कैलासला न्हाई कळत. तो डोस्कं फोडील आन जलमभर आत जाईल."

एकाचा पाय वाचवावा तर दुसऱ्याचं डोकं जातंय. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी फुगा माळ्यावरून काढला. मनाला एवढंच सांगितलं, की बरं होता होता माणसाचा राग कधीकधी उतरतो. दुखत असतं तोवरच तो जास्त असतो. ही माझी आशा होती. पुराव्यानं शाबीत झालेली नव्हती.

मार्चअखेर तो काठी घेऊन चालायला लागला. घरी सराव करायला त्यांनी हायवेच्या कडेच्या एका दुकानातून लाल फुगा आणला, पातळ, स्वस्तातला. माझ्याकडचा फुगा चांगल्या जातीचा आहे. त्याला भोक पडलं तरी तो हळूहळू बसतो. हा तसा नव्हता. मी नंदाबाईंना दोनदा बजावलं, की हातपंपानं भरा आणि मऊ ठेवा. त्यांनी मान डोलावली.

पुढचं मला नंतर पप्पूनं सांगितलं. नंदाबाईंच्या डोक्यात असं बसलं होतं, की मऊ फुग्यावर बसून पोरगं मऊ होत चाललंय. आणि खरंच, माऊली हल्ली शपथेचं नाव काढत नव्हता. लोखंडी धाव सैल झाली की बैलगाडीचं चाक चालत नाही, मग सैल फुग्यावर माणूस कसा चालंल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी लाल फुगा रिक्षात घातला आणि वराळ्याहून थेट माझ्याच दवाखान्याखाली, पप्पूच्या दुकानात आणला. शनिवार होता, मी सुट्टीवर.

पप्पू म्हणाला, "मावशी, ह्यो टायर न्हाई. फुटंल."

"भर."

"आता बास."

"तुजं काय जातंय? टरकाच्या टायरात भरतोस की शंभर. भर आजून." फुगा टणक झाला, फुगून त्यांच्या कमरेएवढा झाला, बोटानं टिचकी मारली की टणटण वाजायला लागला, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी मी वराळ्याला गेले. महिन्यातून एकदा मी पेशंटचं घर बघते, उंबरे किती उंच, मोरी कुठं, ते. खळ्यात उन्हाचा रखरखाट होता. फुगा सकाळपासून कोब्यावर उन्हात पडलेला. पलीकडे प्रितम आपल्या पिकअपवर पाणी मारत होता. मी फाटकातून आत आले तेव्हा माऊली काठी भिंतीला टेकवून फुग्यावर बसत होता. मला बघून त्यानं हात केला. फुगा एवढा मोठा, की त्याचे पाय जेमतेम टेकत होते.

"उतर!" मी ओरडले. "माऊली, उतर आधी!"

तेवढ्यात तो फुटला.

तसला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. भिंतीवरचे कावळे उडाले, माझ्या कानात नुसती शिट्टी वाजायला लागली. माऊली कोब्यावर दाणकन आदळला आणि लाल चिंध्या त्याच्या छातीवर, तोंडावर, चहूकडे पडल्या. पलीकडे प्रितमला वाटलं गोळी आपल्यावरच झाडली, तो पाइप टाकून पिकअपच्या मागं बसला. आणि घरातून नंदाबाई बाहेर आल्या. त्यांना दिसला तो जमिनीवर पडलेला पोरगा, अंगभर लाल, आणि गाडीमागं दडलेला प्रितम.

"मारला गं! गोळी घातली माज्या लेकाला!"

कैलास त्यांच्या मागून पहार घेऊनच बाहेर पडला. त्याचे डोळे मी बघितले. त्या डोळ्यांना काही सांगून उपयोग नव्हता. मी तरी मध्ये गेले, "फुगा होता रे, फुगा!" म्हणून त्याचा शर्ट धरला, तर नंदाबाईंनी माझे केस धरून मला मागं खेचलं आणि माझं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. अजून तिथं खूण आहे. मला रक्तातून दिसलं ते एवढं, की कैलास पिकअपला वळसा घालून गेला, प्रितम चिखलात घसरून पाठीवर पडला आणि दोन्ही हात तोंडावर धरून ओरडायला लागला.

माऊलीही ओरडत होता. "फुगा फुटलाय! कैलास, फुगा!" त्याची आई त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होती.

मग तो उठला. काठी भिंतीला होती, ती घ्यायला तो गेला नाही. गुडघ्यावर आला, हात टेकला, उभा राहिला आणि चालायला लागला. त्या पायात अजून पळण्याची ताकद नव्हती. मध्ये प्रितमच्या पाइपचं पाणी पसरलं होतं, त्यात त्याचा उजवा पाय सटकला, कंबर एका बाजूला गेली, मी डोळे मिटणार तेवढ्यात ती परत आली. तो चालतच राहिला. कैलासनं पहार डोक्याच्या वर नेली होती. माऊली प्रितमवर वाकला आणि उजवा हात आडवा धरला.

हाड मोडल्याचा आवाज मला खळ्याच्या अलीकडे ऐकू आला.

पहार खाली पडली. कैलास "दादा, दादा" करत तिथंच बसला आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागला. माऊली उभा होता. मोडलेला हात पोटाशी धरून, घामानं निथळत, पण उभा. त्यानं प्रितमकडं खाली बघितलं आणि लाल रबराची एक चिंधी आपल्या मानेवरून काढून त्याच्या अंगावर टाकली. "फुगा व्हता, भडव्या," म्हणाला. "ऊठ. गाडी काढ."

प्रितमनंच त्याला दवाखान्यात नेलं, त्याच पिकअपमधून. मी आणि माऊली पुढं. नंदाबाई म्हणाल्या, त्या मुडद्याच्या शेजारी मी बसायची न्हाई, आणि कैलासबरोबर मागं हौद्यात उभ्या राहून आल्या.

आम्ही पोचायच्या आधी गावात गोळीबाराची बातमी झाली होती. कुणीतरी फोन केला होता. हाताचं प्लॅस्टर ओलं असतानाच हवालदार आला, आणि नंदाबाईंनी त्याला वॉर्डच्या दारातच गाठून सांगितलं, "प्रितमनं मारलं. जामिनावर हाय, परत मारलं." प्रितम बाहेर बाकड्यावर बसला होता, कोपरापर्यंत चिखल, तोंड पांढरं. जामिनावरच्या माणसावर दुसरा गुन्हा म्हणजे काय ते त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आता पाय मोडायची गरजच नव्हती. माऊलीनं नुसतं हो म्हणायचं होतं. घरातला भाऊ सुटला असता आणि दारातला वैरी कायमचा आत गेला असता.

हवालदारानं वही उघडली. "कुणी मारलं?"

माऊली पलंगाच्या कडेला बसला होता. आई त्याच्याकडे बघत होती आणि मीही.

"कुनी न्हाई," तो म्हणाला. "फुग्यावरनं पडलो."

"कशावरून?"

"फुग्यावरनं. फुटला तो. त्याचाच आवाज."

"तुझी आई तर वेगळंच सांगतेय."

"आय घरात व्हती. तिनं बघितलं न्हाई. सायब, प्रितमनं मला बांदावर मारलं ती केस चालू हाय. ती मी सोडनार न्हाई, जज्जाम्होरं त्वांडावर सांगनार हाय. पन आज त्यानं मला हात लावला न्हाई. न केल्याल्याचं मी त्याच्या नावावर घालनार न्हाई."

हवालदार माझ्याकडे वळला. माझ्या कपाळावर पट्टी होती. "मॅडम, तुम्ही होतात तिथं. फुग्यावरून पडून हात मोडतो?"

एक्स-रे खिडकीला लावलेला होता. पडणारा माणूस तळवा टेकतो आणि त्याचं मनगट मोडतं. हाताची करंगळीकडची नळी बरोबर मधोमध मोडते ती घाव अडवताना. हे शिकायला पुस्तक लागत नाही, एक वर्ष हाडांच्या वॉर्डात काढलं की पुरे. शेजारी उभ्या असलेल्या पोरसवदा डॉक्टरलाही ते दिसत होतं, आणि तो माझ्याकडे बघत होता. मी पेशंटना खोटं बोलल्याबद्दल जिन्यावरून परत पाठवलेलं आहे. कैलास दारात उभा होता, तोंड बोटांच्या वळांनी सुजलेलं.

"मोडतो," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि हे कपाळ माझं मीच चौकटीवर आपटून घेतलं, तेही लिहा." मला त्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला नाही आणि आजही होत नाही.

हवालदारानं एकदा एक्स-रेकडे बघितलं, एकदा बाहेरच्या प्रितमकडे, आणि वही मिटली. "वराळ्यात आता फुग्यालाही लायसन लावावं लागणार," असं म्हणून तो गेला.

नंदाबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. हवालदाराच्या बुटांचा आवाज जिन्याखाली गेला तशा त्या पुढं आल्या आणि त्यांनी माऊलीच्या तोंडात मारली. जन्मभर शेतात राबलेला तो हात होता, आणि मागून आणून मारलेला. मी धावले, कारण त्याच्या पाठीला टेकण नव्हतं, उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि धरायला काहीच नव्हतं. तो पडणार याची मला खात्री होती. त्याची मान फिरली, खांदा गेला, पण कंबर जागेवर राहिली. तो सरळ झाला आणि आईकडे बघत राहिला.

त्यांनी परत मारली. तो परत सरळ झाला.

"मार," तो म्हणाला. "दमंस्तवर मार. पन ह्ये हितं माज्यावरच संपीव, आये. कैलासच्या हातात परत पहार द्यायची न्हाई."

तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. मग त्या थरथरायला लागल्या, पायांपासून डोक्यापर्यंत. मला रडू फुटलं, ते लपवायचं मला सुचलं नाही.

माऊलीनं दाराकडे बघितलं.

"कैलास," तो म्हणाला, "आयेला धर. तोल चाललाय तिचा."